चारशे रुपयांत दोन लाख चौरस किलोमीटर

विमानाचं तिकीट काढताना खिडकीजवळच्या जागेचे वेगळे पैसे मागतात. समजा, चारशे रुपये. आपल्या कपाळाला आठी पडते. तासाभराच्या प्रवासात नुसतं बाहेर बघायचे चारशे? तेवढ्यात भरपेट थाळी येते! तर चला, आज हा हिशेब नीटच मांडू. मुंबईहून भोपाळला जाणारं विमान धरू आणि चारशे रुपयांत पदरात काय पडतं ते मोजू.

जमिनीवर उभं राहिलं की क्षितिज किती लांब असतं? सपाट माळ असेल तर जेमतेम साडेचार किलोमीटर. भोवतालचं वर्तुळ 64 चौरस किलोमीटरचं. आयुष्यभर आपण एवढ्याच ताटलीच्या मध्यावर उभे असतो. आता विमान दहा किलोमीटर उंचीवर न्या. क्षितिज सरकतं थेट 357 किलोमीटरवर! मुंबई-पुणे सरळ रेषेत साधारण 120 किलोमीटर. म्हणजे खिडकीपासून नजरेच्या टोकापर्यंत एकापुढे एक तीन मुंबई-पुणे. वर्तुळाचं क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटर. सगळा महाराष्ट्र 3,07,713 चौरस किलोमीटरचा, मध्य प्रदेशही जवळजवळ तेवढाच. कुठलंही एक राज्य त्या वर्तुळात ठेवा, वर लाखभर चौरस किलोमीटर शिल्लक राहतात.

आपल्या वाट्याला एकच बाजू येते. नाक काचेला लावा, मान दोन्हीकडे वळवा आणि निम्मं वर्तुळ आपलं म्हणा: दोन लाख चौरस किलोमीटर. चारशे रुपयांना! एका रुपयाला पाचशे चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई 603 चौरस किलोमीटरची, तिचा भाव झाला एक रुपया वीस पैसे. गोवा साडेसात रुपयांत. आहे कुठे असा जमिनीचा दर?

आणि हे सगळं येतं कशातून? साधारण 23 बाय 33 सेंटीमीटरच्या चौकटीतून. शाळेच्या पाटीएवढी खिडकी! दोन लाख चौरस किलोमीटर झाकायला अशा किती खिडक्या अंथराव्या लागतील? सुमारे दोन लाख चौसष्ट हजार कोटी. सेकंदाला एक मोजत बसलात तर मोजणी संपायला 83 हजार वर्षं.

त्या पाटीएवढ्या काचेची, खरं तर अॅक्रिलिकची, मेहनतही बघा. बाहेर उणे 50 अंश. बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम पाव. आत मात्र आपण अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून चहा पितोय. आतली हवा खिडकीला बाहेर ढकलत असते, आणि तो रेटा भरतो चारशे किलोंच्या आसपास. भोपाळशेजारच्या सीहोरचा शरबती गहू प्रसिद्ध. त्याची पन्नास किलोंची आठ पोती एका खिडकीवर रेलून ठेवली आहेत असं समजा. तिला टेकून आपण डुलकी काढतो!

आता उड्डाण. मुंबईची धावपट्टी सुटली की एक गमतीचं गणित सुरू होतं. उंची एक मीटरने वाढली की दिसणारं वर्तुळ चाळीस चौरस किलोमीटरनी वाढतं. एका मीटरला चाळीस! विमान सेकंदाला दहा मीटर चढत असेल तर सेकंदाला चारशे चौरस किलोमीटर. दीड सेकंदात एक नवी मुंबापुरी, सव्वानऊ सेकंदांत एक नवा गोवा. सीटचा पट्टा जरा सैल करेपर्यंत दोन-तीन जिल्हे पदरात.

वेग घ्या. ताशी 830 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 230 मीटर. चोवीस डब्यांची आख्खी गाडी खाली उभी असेल तर इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत अडीच सेकंद. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सात मिनिटांत पार. वडापावचा शेवटचा घास तोंडात असताना पुणं! पंजाब मेल 1912 पासून धावते आहे. मुंबईहून भोपाळ रेल्वेने सुमारे 840 किलोमीटर. रात्री गाडीत बसायचं, तेरा-चौदा तासांनी उतरायचं. हवेतून सरळ रेषा मारली तर 660 किलोमीटर. नाशिक, धुळे, खरगोन, ओंकारेश्वर, सीहोर, भोपाळ: एका दोरीवर वाळत घातल्यासारखी गावं, आणि त्या दोरीवरून आपण एका तासात घसरत जातो.

खरगोनच्या वर आलो की क्षणभर थांबू. विमान थांबणार नाही, आपण थांबू. इथून 357 किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि आत कोण कोण सापडतंय ते बघा. पश्चिमेला सुरत आणि वडोदरा. पूर्वेला अकोला आणि अमरावती. दक्षिणेला नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पार नांदेडसुद्धा. उत्तरेला इंदूर, उज्जैन आणि ज्याच्यासाठी निघालो ते भोपाळ. तापी आहे, सातपुडा आहे, नर्मदा आहे, विंध्य आहे. धूळ आणि धुरकं आड येतं हे खरं. पण पावसाने धुऊन काढलेली ऑक्टोबरची दुपार मिळाली तर लांबवर निळसर होत गेलेल्या त्या पट्ट्यात ही सगळी गावं एकाच वेळी नांदत असतात.

याच वाटेने पहिला बाजीराव गेला होता. 1737 च्या डिसेंबरात त्याने निजामाला भोपाळजवळ कोंडलं आणि जानेवारी 1738 मध्ये दोराह्याचा तह झाला. घोडदौड दिवसाला साठ किलोमीटर धरा, म्हणजे चांगलीच दणदणीत. विमानाला तेवढं अंतर कापायला साडेचार मिनिटं पुरतात. पेशव्यांच्या फौजेचा आठवडा म्हणजे आपला अर्धा तास. तहात निजामाने युद्धखर्चापोटी पन्नास लाख रुपये कबूल केले. नोटा नव्हेत, चांदीचे रुपये! एक रुपया अकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पन्नास लाखांची चांदी 55 टन. एकाशेजारी एक नाणं मांडत गेलात तर रांग शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. द्रुतगती मार्ग संपेल, नाणी उरतील. आणि तोच बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला. आपल्या विमानाची रेषा त्या जागेच्या अगदी जवळून जाते.

आली नर्मदा! लांबी 1312 किलोमीटर. मराठी माणसाला ही नदी पायांनी माहीत. परंपरेनं सांगितलेली परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. दोन्ही काठ मिळून 2600 किलोमीटरच्या वर चाल. विमानाने नदीच्या वरून तेवढंच अंतर कापलं तर तीन तास दहा मिनिटं. वर्षांचे तास झाले, महिन्यांची मिनिटं झाली! (पुण्य किती कमी होतं ते ज्याचं त्याने पाहावं.) आणि आडवी ओलांडायची म्हटलं तर? पात्र सातशे मीटर रुंद असेल तर तीन सेकंद. 'नर्मदे हर' पूर्ण म्हणेपर्यंत पलीकडचा काठ.

भोपाळला जाताना उजवीकडची जागा घ्या, येताना डावीकडची. कारण इथे त्या बाजूला एक समुद्र पसरलेला दिसतो. फाटे फुटलेला, बोटं पसरलेला, टेकड्यांची बेटं झालेला. हा इंदिरासागर, पुनासाच्या धरणाने अडवलेला. क्षेत्रफळ 913 चौरस किलोमीटर, म्हणजे दीड बृहन्मुंबई. साठा 1222 कोटी घनमीटर. आपल्या भाषेत 431 टीएमसी. कोयना धरण 105 टीएमसीचं भरलं की आपल्याकडे साताऱ्यापासून मुंबईपर्यंत सुटकेचा श्वास टाकतात; इथे अशी चार कोयना एका भांड्यात!

विहिरींनी मोजू. वावरातली चांगली मोठी विहीर घ्या, सहा मीटर व्यासाची, त्यात बारा मीटर पाणी. सुमारे तीन लाख चाळीस हजार लिटर. इंदिरासागर अशा 3 कोटी 60 लाख विहिरी भरतो. जन्मल्या दिवसापासून, न झोपता, न जेवता मिनिटाला एक विहीर मोजत गेलात तर शेवटची मोजताना वय अडुसष्ट. आणि त्या विहिरी काठाला काठ लावून खोदल्या तर रांग दोन लाख सोळा हजार किलोमीटरची. पृथ्वीला पाच वेढे, वर थोडी उरेल. हेही सांगितलं पाहिजे की या पाण्याखाली अडीचशेच्या आसपास गावं आहेत आणि 2004 मध्ये उठलेलं हरसूद आहे. एवढ्या उंचीवरून त्यांची खूणही दिसत नाही.

पाणी खालीच असतं असं कोण म्हणालं? समोर बघा, ढग. कापसाचे पिंजलेले, निरुपद्रवी, गुबगुबीत. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा साधा पांढरा ढग घ्या. त्यातल्या पाण्याच्या कणांचं वजन सुमारे पाचशे टन. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर हवेत तरंगत आहेत! आणि हा झाला बिचारा गरीब ढग. पावसाळ्यातले काळे मनोरे पंधरा किलोमीटरपर्यंत चढतात. आपलं विमान त्यांच्या कमरेजवळून बाजूला होतं.

आता सगळा मोसमच मोजू. जून ते सप्टेंबर देशभरात सरासरी 87 सेंटीमीटर पाऊस. कागदावर हा आकडा किती किरकोळ दिसतो! कंबरेपर्यंतसुद्धा धड नाही म्हणा ना. पण ते पाणी पसरलं आहे 32 लाख 87 हजार चौरस किलोमीटरवर. गुणाकार करा. उत्तर येतं एक लाख टीएमसी. हो, एक लाख! साडेनऊशेहून जास्त कोयना. अडीचशेला थोडे कमी इंदिरासागर. विहिरींत मोजलं तर आठशे चाळीस कोटी: जगातल्या प्रत्येक माणसाच्या नावावर एकेक काठोकाठ भरलेली विहीर, आणि तरीही काही शिल्लक. चार महिने, रात्रंदिवस, दर सेकंदाला आठशे विहिरी आभाळातून ओतल्या जातात.

टँकरवाल्याला विचारा. एका टँकरचे हजार रुपये लावले, तेही ओळखीत, तर बिल होतं 286 लाख कोटी रुपये. केंद्र सरकारचा 2024-25 चा अर्थसंकल्प 48 लाख कोटींचा होता. म्हणजे देशाने सहा वर्षं एक पैसाही दुसरीकडे न खर्चता हा एक पाऊस विकत घ्यावा. तो दरवर्षी येतो आणि बिल पाठवत नाही.

दम खाल्लात? मग आता खाली बघा. नाशिकजवळ सह्याद्रीच्या पायऱ्या दिसल्या होत्या: सपाट माथा, उभा कडा, पुन्हा सपाट, पुन्हा कडा. 1646 मीटरचं कळसूबाई उजवीकडे गेलं. मग धुळ्याची काळी माती. मग सातपुडा. मग माळव्याची काळी माती. नर्मदेच्या खोऱ्यात जरा खंड पडतो, पण मुंबईपासून भोपाळच्या वेशीपर्यंत बहुतेक वाटभर खाली एकच दगड आहे. काळा कातळ, आपला बसाल्ट. आपण तासभर एकाच शिळेवरून उडतोय! सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. आज उरलेला पसारा पाच लाख चौरस किलोमीटरचा. मुळात बाहेर पडलेला लाव्हा दहा लाख घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त असावा असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज. विश्वास ठेवू आणि मोजायला लागू.

तो सगळा दगड काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारखा थापला तर थर किती जाड? तीनशे मीटर! कुतुबमिनार 73 मीटरचा. देशातल्या प्रत्येक घरावर, प्रत्येक शेतावर, प्रत्येक नदीवर चार कुतुबमिनारांएवढा काळा कातळ.

मालगाड्यांत भरू. एका मालगाडीत 58 वाघिणी, माल सुमारे चार हजार टन. लागतील 72,500 कोटी मालगाड्या. त्या एकीला एक जोडून उभ्या केल्या तर रूळ सूर्यापर्यंत पोचतील. एकदा नव्हे, तीन हजारांहून जास्त वेळा! भुसावळच्या यार्डातून दर मिनिटाला एक गाडी सोडा. सणवार नाही, मेगाब्लॉक नाही, सिग्नल बिघाड नाही. शेवटची गाडी सुटेल तेव्हा तेरा लाख ऐंशी हजार वर्षं झालेली असतील.

आणि आता श्वास धरा. पृथ्वीने यातला बराचसा माल दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर काढला असं मानतात. म्हणजे पृथ्वी आपल्या मिनिटाला एक गाडीवाल्या वेळापत्रकापेक्षा जलद होती! सगळ्या मालाचा हिशेब धरला तर दर 44 सेकंदांना एक मालगाडी, उकळत्या दगडाने भरलेली, दहा लाख वर्षं. मुंबईची लोकलसुद्धा इतक्या दाट वेळाने सुटत नाही.

विमान उतरायला लागलं. जाता जाता एक खेळ खेळू: एक मीटर उंची म्हणजे एक वर्ष. दहा हजार मीटरवर आपण दहा हजार वर्षं मागे आहोत, आणि त्या उंचीवर भेटतात भीमबेटकाचे चित्रकार. भोपाळपासून अवघ्या 45 किलोमीटरवरची ती गुहाचित्रं त्या काळापर्यंत मागे जातात. ती जगाला दाखवली एका मराठी माणसाने, उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. 1957 मध्ये रेल्वेने जाताना डब्याच्या खिडकीतून त्यांना ते खडक दिसले आणि ते पुढे तिथे जाऊन पोचले. सातशेहून अधिक शैलाश्रय निघाले! 2003 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा मानलं. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर एका नजरेत चारशे पिढ्यांचा वारसा. खिडकीतून बघणाऱ्याला रिकामटेकडा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर तपासावा.

उतरत राहू. सव्वादोन हजार मीटरच्या जरा वर अशोक, भोपाळच्या ईशान्येला सांचीचा स्तूप उभारताना. एक हजार मीटरवर राजा भोज, आणि खिडकीत त्याचा बडा तालाब चमकायला लागलेला: 31 चौरस किलोमीटर, आपल्या हिशेबाने तीन लाख विहिरी. भोपाळकर म्हणतात, ताल म्हणावा तर हाच, बाकी सगळी डबकी. पण भोजाचंच म्हणून सांगितलं जाणारं भोजपूरचं हरवलेलं तळं अडीचशे चौरस मैलांचं होतं अशी परंपरा आहे. म्हणजे आख्खी बृहन्मुंबई त्यात बुडून वर काठ उरेल! पंधराव्या शतकात होशंगशाहाने त्याचा बांध फोडला. गोंडांच्या कथेत बांध फोडायला फौजेला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षं आणि तळ वाळायला तीस वर्षं.

तीनशे मीटरच्या खाली बाजीराव. सत्तर मीटरच्या आत वाकणकरांची आगगाडी. पंचवीस मीटरच्या आत युनेस्कोची पाटी. आणि चाकं धावपट्टीला टेकली की आजची तारीख.

पण थांबा, त्या काळ्या दगडाचं वर्ष या जिन्यावर कुठे येतं? दहा हजार मीटरवर नाही. एव्हरेस्टच्या दसपटीवरही नाही. सहा कोटी साठ लाख मीटरवर, म्हणजे 66 हजार किलोमीटर उंच! घराच्या गच्चीवरची टीव्हीची तबकडी ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, तो 36 हजार किलोमीटरवर. तो तर वाटेतच मागे पडला. आपल्याच विमानाचं नाक सरळ आभाळाकडे करा आणि त्याच वेगाने निघा. अशोक, भोज, बाजीराव, भीमबेटकाचे चित्रकार, सगळे पहिल्या 43 सेकंदांत संपतील. त्यानंतर तीन दिवस साडेसात तास चढतच राहायचं, मिनिटाला जवळजवळ चौदा हजार वर्षं मागे टाकत, तेव्हा कुठे पहिल्या मालगाडीची शिट्टी ऐकू येईल!